हवा तापली, म्हणजे डबा चालू आहे

समजा, आपण कोळशाच्या खाणीत आहोत. जमीन डोक्यावर दीड-दोनशे मीटर उंच राहिली आहे. कुठेतरी आग लागली आणि गॅलरीत धूर येऊ लागला. कमरेच्या पट्ट्याला लावलेला पत्र्याचा डबा आपण उघडला, त्यातली रबरी नळी दातांत धरली, नाकाला चिमटा लावला आणि बाहेरच्या वाटेला लागलो. काही मिनिटे गेली. नळीतून येणारी हवा गरम लागू लागली. आणखी थोड्या वेळाने घसा कोरडा पडला, ओठांना चटका बसतो आहे असे वाटू लागले. आता काय कराल?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. 'डबा बिघडला असणार, नळी काढून टाकू' असे उत्तर बहुधा येईल. ते अगदी स्वाभाविक आहे आणि तितकेच जीवघेणेही. हवा तापते आहे याचा अर्थ डबा आपले काम चोख करतो आहे, आणि बाहेरच्या हवेत माणूस मारणारा वायू भरपूर आहे. नळी काढायची नाही हे खाणकामगाराला आधी शिकवावे लागते, कारण त्या क्षणी त्याचे शरीर त्याला नेमके उलटे सांगत असते. नागपूरच्या आसपासच्या खाणींत कामगारांना सुरक्षेचे प्रशिक्षण कशासाठी द्यावे लागते, हे समजून घ्यायला हा डबा चांगला उपयोगी पडतो.

या डब्याला खाणीत 'सेल्फ रेस्क्यूअर' म्हणतात. त्याच्या जुन्या, गाळणीच्या प्रकारात हॉपकलाईट नावाचे मिश्रण भरलेले असते. मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड हे त्याचे मुख्य घटक. यातला मँगनीज डायऑक्साइड आपल्या ओळखीचा आहे. जुन्या टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी ती हीच, आणि शाळेत पोटॅशियम क्लोरेटपासून प्राणवायू तयार करताना उत्प्रेरक म्हणून चिमूटभर टाकतो तोही हाच. मँगनीजचे खनिज तर नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतच निघते. या हॉपकलाईटवरून हवा गेली की तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड हवेतल्याच प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हॉपकलाईटला ओलावा सोसत नाही, म्हणून हवा आधी ओलावा शोषणाऱ्या रसायनातून नेतात. घसा कोरडा पडतो तो यामुळे.

आणि हवा तापते कशामुळे? कार्बन मोनॉक्साइडचे हे ज्वलनच आहे, फक्त ज्योतीवाचून होणारे. एक मोल कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होताना २८३ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना पुढचे गणित जरूर करायला द्यावे. भराभर चालणारा माणूस मिनिटाला ३० लीटर हवा घेतो असे धरा, आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड १ टक्का आहे असे धरा. म्हणजे मिनिटाला ०.३ लीटर कार्बन मोनॉक्साइड डब्यातून जाईल. एका मोलचे आकारमान २४ लीटर घेतले तर हे झाले ०.०१२५ मोल, आणि उष्णता झाली सुमारे साडेतीन किलोज्यूल. ३० लीटर हवेचे वजन सुमारे ३६ ग्रॅम, आणि १ ग्रॅम हवा १ अंशाने तापवायला सुमारे १ ज्यूल लागतो. म्हणजे ही सगळी उष्णता हवेतच राहिली तर तापमान जवळजवळ शंभर अंशांनी चढेल! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता डब्याचा पत्रा आणि आतली जाळी घेते, म्हणून तोंडात येणारी हवा तेवढी तापत नाही. पण चांगली गरम लागते. आणि बाहेर वायू जितका जास्त, तितकी ती अधिक तापते.

या वायूला ना रंग, ना वास, ना चव. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवते. १ टक्का कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेत माणूस काही मिनिटांत दगावतो, आणि त्याआधीच त्याची विचारशक्ती मंदावलेली असते. तेव्हा एका बाजूला तोंड भाजते आहे असे सांगणारी जीभ, आणि दुसऱ्या बाजूला नाकाला मुळीच न कळणारा वायू. न शिकलेला माणूस साहजिकच जिभेचे ऐकतो.

हे नुसते तर्काने रचलेले नाही. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत स्फोट झाला आणि १२ कामगार मरण पावले. आत अडकलेल्यांपैकी एकच वाचला. आपल्या सहकाऱ्यांपैकी चौघांची यंत्रे चाललीच नाहीत, असे त्याने नंतर सांगितले. ही यंत्रे वेगळ्या जातीची, म्हणजे पोटॅशियम सुपरऑक्साइडपासून प्राणवायू तयार करणारी होती. चौकशीत ती तपासली गेली, तेव्हा ती प्राणवायू देऊ शकत होती असे आढळले. पुरती वापरलीच गेली नव्हती. या जातीच्या यंत्रातले रसायन उच्छ्वासातल्या ओलाव्याने जागे होते, त्यामुळे सुरुवातीला पिशवी नीट फुगत नाही. श्वास ओढायला जोर लागतो. पुढे हवा इथेही तापते. हे ज्याने कधी अनुभवले नाही त्याला यंत्र बंद आहे असेच वाटणार. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने नियम केला की दर तीन महिन्यांनी यंत्र चढवण्याचा सराव झाला पाहिजे. शिवाय वर्षातून एकदा श्वासाला अडथळा आणि गरम हवा यांचा प्रत्यक्ष अनुभव देणारे सरावाचे यंत्र कामगाराच्या तोंडात दिले पाहिजे. खरी वेळ आल्यावर काय काय जाणवेल, ते आधीच जाणवून द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे येऊ. नागपूरपासून उत्तरेला कामठी, कन्हान, सिलेवाडा, सावनेर या पट्ट्यात कोळसा आहे. दक्षिणेला उमरेडला उघडी खाण आहे, त्यापलीकडे वणी आणि चंद्रपूर. या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. छिंदवाड्याकडच्या पेंच आणि कन्हान खोऱ्यांतल्या खाणीही तिच्याचकडे आहेत. खाणीत नव्याने येणाऱ्याला आधी प्रशिक्षण आणि मगच काम, ही अट देशभर घातली ती १९६६ च्या खाण व्यवसाय प्रशिक्षण नियमांनी. कामगारांच्या बोलण्यात त्याचे नाव 'व्हीटी'. 'व्हीटी झाली का?' हा नव्या माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न. प्रशिक्षण केंद्रात वर्गखोली असते, आणि खाणीतल्यासारखी एक लुटुपुटीची गॅलरीही असते. माझ्या मते खरे शिक्षण घडते ते या गॅलरीत. वर्गखोलीतल्या फळ्यावर घडते ते फार थोडे.

छताचेच उदाहरण घ्या. आपल्या भूमिगत कोळसा खाणींत माणसे सर्वांत जास्त दगावली ती छत आणि कडा कोसळून, स्फोटांत नव्हे. वर्तमानपत्रांत मोठ्या अपघातांची बातमी येते आणि एकेकट्याने मेलेल्यांची येत नाही, म्हणून आपली समजूत वेगळी होते. छत पक्के आहे की सुटलेले, हे डोळ्यांना कळत नाही. जुना कामगार लोखंडी पहार घेऊन छतावर ठोकतो आणि ऐकतो. खणखणीत आवाज आला तर दगड मागच्या थराशी एकजीव आहे. ढबढब असा पोकळ आवाज आला तर मध्ये फट पडली आहे. सुटलेला थर ढोलाच्या कातड्यासारखा मोकळेपणी कंप पावतो, म्हणून त्याचा स्वर खाली जातो. दुसऱ्या हाताची बोटे छताला टेकवून ठेवली तर हा कंप हाताला जाणवतो. बाजारात मडके घेताना आपली आजी दुसरे काय करीत होती? मात्र मडके निवडायला शिकायचे तर दहा मडकी वाजवावी लागतात, आणि त्यात दोन फुटकी असावी लागतात. 'पोकळ आवाज म्हणजे धोका' हे वाक्य पाठ करून कान तयार होत नाही. शिवाय सुटलेला थर फार जाड असेल तर तोही पक्का वाजतो, हेही शिकवावेच लागते. नाही तर शिकलेलाच माणूस फसायचा.

मिथेनचे तसेच. हा वायू हवेहून हलका, त्यामुळे छताशी साठतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असला की स्फोटक होतो. त्याच्या खूप आधी, १.२५ टक्क्यालाच, वीज बंद करावी असा आपल्या कोळसा खाणींचा दंडक आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा केला. त्या जातीच्या दिव्याची वात अगदी बारीक केली की ज्योतीवर फिक्या निळ्या रंगाची टोपी दिसते. टोपी जितकी उंच तितका मिथेन जास्त. ऐकायला सोपे आहे. पण सव्वा टक्क्याची टोपी इतकी पुसट असते की अंधाराला सरावलेल्या आणि ती आधी पाहिलेल्या डोळ्यांनाच ती दिसते. म्हणून वायू तपासणाऱ्याची वेगळी परीक्षा असते, वेगळा दाखला असतो. आता आकडा दाखवणारी विजेरी उपकरणे आली आहेत आणि ते चांगलेच झाले. पण आकडा छताजवळ धरून वाचायचा की छातीच्या उंचीवर, हे उपकरण सांगत नाही.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की प्रशिक्षण चांगले दिले की काम झाले. सिलेवाडा आठवले की तसे म्हणवत नाही.

१८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या या सिलेवाडा खाणीत पाणी शिरून १० कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी फुटले आणि सुमारे पावणेचारशे माणसे गेली. चासनालावर देशभर हळहळ झाली, पुढे त्यावर बेतलेला 'काला पत्थर' हा चित्रपटही आला. सिलेवाड्याची आठवण त्या लोंढ्यात वाहून गेली. आपल्या भागाला ही आपत्ती नवी नव्हती. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखली खाणीत असेच पाणी शिरून ६३ जण मेले होते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते.

खाणीत एवढे पाणी येते कुठून? नदी-नाल्याचा धोका असतोच, पण पुष्कळदा पाणी जुन्या, सोडून दिलेल्या खाणीतले असते. कोळसा काढून झाला की ती पोकळी पाण्याने भरत जाते. शेजारी नवी खाण खणणाऱ्याला हा दडलेला तलाव दिसत नाही. मध्ये कोळशाची भिंत असते, ती एका दिवशी पातळ होते. १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब किती, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल: वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा पट. म्हणूनच नियम आहे की जुन्या खाणीपासून ६० मीटरच्या आत परवानगीवाचून खणायचे नाही. परवानगी मिळाली तरी पुढे लांब भोके पाडून, पाणी लागते का ते चाचपत जायचे.

पाणी जवळ आल्याच्या खुणा कामगाराला शिकवतात. कोरड्या थराला घाम फुटल्यासारखा ओलावा येतो. भिंतीतून बारीक फसफस ऐकू येते. कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. या खुणा ओळखता येणे मोलाचे आहे. पण साठ मीटर कुठून मोजायचे, हे नकाशा सांगतो, आणि नकाशा कामगाराच्या हातात नसतो. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या क्वेक्रीक खाणीत ९ कामगार पाण्यात अडकले होते. शेजारच्या जुन्या खाणीचा जो नकाशा हाताशी होता तो शेवटपर्यंत पुरा केलेला नव्हता. भिंत आहे असे ज्या जागी वाटत होते तिथे प्रत्यक्षात पाणी होते. सुदैवाने सगळे वाचले. या ९ जणांना जगातले उत्तम प्रशिक्षण दिले असते तरी नकाशा बरोबर झाला नसता. अपघातानंतर 'कामगारांना प्रशिक्षण दिलेले होते' असे कागदावर दाखवता येते आणि चौकशीचा रोख खालच्या माणसाकडे वळतो. प्रशिक्षणाचा हा उपयोग मला अतिशय खटकतो.

पाणी फुटते तेव्हा आणखी एक गोष्ट होते. जुन्या पोकळीत वर्षानुवर्षे कोंडलेली हवा पाण्याच्या पुढे ढकलली जाते. तिच्यातला प्राणवायू कोळशाने केव्हाच शोषून घेतलेला असतो. उरतो तो नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. अशा हवेत दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. आता सुरुवातीचा तो गाळणीचा डबा आठवा. तो कार्बन मोनॉक्साइड काढून टाकतो, प्राणवायू तयार करीत नाही! या हवेत तो लावून बसणारा माणूस निर्धास्तपणे मरेल. त्याला इथे हवे असते ते प्राणवायू देणारे यंत्र. म्हणजे हवा गरम झाली तरी डबा काढू नये, एवढेच शिकवून भागत नाही. डबा कशाविरुद्ध चालतो आणि कशाविरुद्ध चालत नाही, हे कामगाराला कारणासह समजले पाहिजे. कारण न सांगता दिलेली आज्ञा पहिल्या अपवादालाच मोडते, हे शिक्षकांना मी वेगळे सांगायला नको.

धुळीचेही दोन शब्दांत सांगतो. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाक-घशात अडते आणि खोकल्याबरोबर बाहेर येते. फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात ते मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून बारीक कण, आणि ते सहसा दिसतच नाहीत. त्यांचा परिणामही दहा-वीस वर्षांनी कळतो. खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था नागपुरातच होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. धुळीच्या बाबतीत प्रशिक्षणाची ताकद सर्वांत कमी पडते. ड्रिलला पाणी जोडणे, फवारे चालू ठेवणे, हवा खेळती ठेवणे हे यंत्राने करायचे काम आहे. ते न करता कामगाराला 'तोंडाला रुमाल बांध' म्हणून शिकवणे म्हणजे गळक्या छपराखाली छत्री वाटणे.

आणखी एक अडचण विसरण्याची. १९६६ च्या नियमांनी उजळणीसाठी पाच वर्षांची मुदत ठेवली. हाताने करायचे, पण क्वचितच लागणारे कौशल्य माणूस काही महिन्यांतच विसरू लागतो. हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून जगवण्याचे प्रथमोपचार शिकलेल्यांवर जे अभ्यास झाले, त्यांतही हेच दिसले आहे. लॅम्प रूममधून रोज डबा घेऊन जाणारा आणि संध्याकाळी तसाच परत करणारा कामगार तो डबा नोकरीभर उघडत नाही. हॉपकलाईटचा खरा डबा सरावासाठी उघडला तर वाया जातो, म्हणून सरावाचा वेगळा डबा लागतो. त्याला फार खर्च येत नाही. त्यापेक्षा सुरक्षा सप्ताहातल्या घोषवाक्य स्पर्धा पुष्कळ होतात. ४ मार्च हा आपला राष्ट्रीय सुरक्षा दिन आहे, १९६६ मध्ये त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी कारखान्याकारखान्यांत फलक रंगवले जातात, शपथ घेतली जाते. त्याला हरकत नाही. पण त्याच तासाभरात प्रत्येकाला एकदा डोळे बांधून डबा चढवायला लावले तर बरे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

शाळेत यातले बरेच करून पाहता येते. एका खोलगट काचेच्या भांड्यात लहान-मोठ्या उंचीच्या तीन मेणबत्त्या लावा. वेगळ्या चंबूत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करा. फेस बसला की चंबू भांड्याच्या काठावर हलकेच कलता करा. द्रव सांडू द्यायचा नाही, फक्त वायू ओतायचा. सर्वांत बुटकी मेणबत्ती आधी विझेल, मग मधली. ही जड हवा कशी तळाला साठते ते मुलांना दिसेल. मग विचारा की खाणीत मिथेन शोधायला दिवा कुठे धरायचा आणि ही हवा शोधायला कुठे. छताचा प्रयोग तर फुकट आहे. वर्गातल्या भिंतीच्या गिलाव्यावर लाकडी पट्टीने ठोकत जा. जुनी इमारत असेल तर गिलावा सुटलेली एखादी जागा सापडतेच. मुलांचे डोळे बांधून ती जागा केवळ कानांनी शोधायला लावा आणि खडूने खूण करून घ्या. पहिल्यांदा खुणा इकडेतिकडे पडतील. चौथ्या-पाचव्या खेपेला त्या एका जागी जमू लागतील. शाळा सावनेर, कामठी किंवा उमरेडकडची असेल, तर वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील हे काम रोज करीत असण्याचा संभव आहे. त्या दिवशी त्यांनाच वर्गावर बोलवावे.